खिळा मारण्याजोगी भिंत

नीलांबरीचे फोन बंद झाले आणि आगट्यांच्या घरात न्यूयॉर्कचा विषय निघाला. फोनचा आणि न्यूयॉर्कचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. मोरेश्वरलाही वाटलं होतं, बिचाऱ्याला.

झालं असं. त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, अमेरिकेत एक सोय निघाली. आपला नंबर सरकारकडे नोंदवला, की क्रेडिट कार्ड घ्या, मासिक घ्या, खिडक्या बदलून घ्या असं म्हणणारे विक्रीचे फोन बंद. मोरेश्वर आगटे हा मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, सोय दिसली की फॉर्म भरणारा माणूस. त्याने न्यूयॉर्कात मॅनहॅटनच्या ऑफिसात बसल्या बसल्या शहराबाहेरच्या एडिसन गावातल्या आपल्या घरचा नंबर नोंदवून टाकला. बायकोला जरा निवांतपणा मिळेल, म्हणून सरप्राइज. पुढे एका संध्याकाळी ट्रेनने घरी येऊन बघतो तर नीलांबरी फोन मांडीवर घेऊन बसलेली, डोळे लाल.

"काय झालं? पुण्याहून काही वाईट...?"

"फोन बिघडलाय रे. आठवडाभर कुणाचाच आला नाही. ती खिडक्यावाली ग्लोरिया दर मंगळवारी न चुकता करते. तिच्या बाळाला दात येत होते, ताप होता. काय झालं असेल?"

मोरेश्वर बूट न काढताच खाली बसला. आपली हुशार बायको, पुण्यात शाळेत भूगोल शिकवणारी, वर्गातल्या पन्नास पोरांना नुसत्या भुवईने गप्प करणारी, ती इथे भाड्याच्या घराच्या खिडक्या बदलण्याविषयी एका अनोळखी बाईशी दर मंगळवारी बोलते, आणि तेवढंच तिचं बोलणं. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी शिकायला गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी कचऱ्याचा डबा आडवा झाला, तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि त्यांच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये माणसं दारातून गाडीत शिरत आणि गाडीतून दारात. खिडकीतून दिसायचा तो फक्त पार्किंग लॉट.

"मला खाली उतरल्यावर माणूस दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "ओळखीचं नको. नुसतं रस्त्याने जाणारं पाहिजे. नाहीतर मी उन्हाळ्यात पुण्याला जाऊन येते."

त्यातलं 'येते' तिने इतकं हळू म्हटलं, की मोरेश्वरला नुसतं 'जाऊन'च ऐकू आलं. त्याने तिथल्या तिथे न्यूयॉर्क शहरात घर घ्यायचं कबूल केलं. फोनचं मात्र कबूल केलं नाही. तेवढा शहाणपणा त्याच्याकडे होता.

"आणि भिंतीला खिळा मारता आला पाहिजे," ती म्हणाली.

ही मागणी मोरेश्वरला अगदी आतून पटली. त्याच्या वडिलांनी जन्मभर पुण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घरं घेतली, आणि प्रत्येक मालकाची पहिली अट ठरलेली, भिंतींना खिळे मारायचे नाहीत. आई कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधायची. वारा आला की महिना उलटायचा. एडिसनच्या करारातही तेच कलम होतं, फक्त इंग्रजीत. त्यामुळे नीलांबरीच्या आईने स्वतःच्या हाताने काढलेलं, काचेच्या फ्रेममधलं चैत्रांगण गेली दोन वर्षं टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकून, तोंड लपवून उभं होतं. व्हॅक्यूम करताना ते पुढे घ्यायचं आणि मग परत मागे ठेवायचं.

आता घराचा विषय आणि शशिकांत काका यांना वेगळं ठेवणं एडिसनमध्ये कुणालाच जमलेलं नाही. काका मूळचे गिरगावचे, रिटायर्ड, आणि ज्या विषयातलं कमी कळतं त्यात आवाज जास्त. ओक ट्री रोडवर भाजी घेताना नीलांबरीच्या तोंडून 'घर' एवढाच शब्द निसटला, तर काका कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन थेट चहालाच आले.

"न्यूयॉर्कात घ्यायचं तर रेंट-स्टॅबिलाइज्डच घ्या," ते म्हणाले. "जुन्या बिल्डिंगा असतात. भाडं वाढेल ते सरकारी मंडळ सांगेल तेवढंच. आणि करार संपला की मालकाला नवा करार द्यावाच लागतो. उगाच 'निघा' म्हणता येत नाही. म्हणजे आपली पागडीच रे, मोरू!"

"काका, पागडीचं जरा वेगळं..."

"तू गप. मी गिरगावात जन्मलोय. मालकासमोर बसलास की पहिलं वाक्य काय टाकायचं, सांग."

"गुड मॉर्निंग?"

"डोंबल! म्हणायचं, आम्ही काय, दोन वर्षांनी परत जाणार. मालकाला जाणारी माणसं आवडतात. जुना गेला की नव्याला भाडं वाढवून लावता येतं. आमच्या गिरगावच्या मालकाने माझ्या आजोबांच्या प्रत्येक खोकल्याकडे आशेने कान दिला होता."

"पण आम्हाला राहायचंय, काका," नीलांबरी म्हणाली.

"राहा की! बोलायला काय जातं?"

दुसऱ्या दिवशी मोरेश्वरने कागदांची फाइल तयार केली आणि नीलांबरीने हातोडी विकत आणली. घर कुठे आहे, असं मोरेश्वरने विचारलं, तर म्हणाली, येईल. ज्या कामाचं हत्यार घरात आलं ते काम होतंच, अशी तिची श्रद्धा. मग ती हातोडी, चार खिळे एका रुमालात बांधून, तिच्या पर्समध्ये जाऊन बसली आणि प्रत्येक घर बघायला बरोबर येऊ लागली.

घरं म्हणजे काय एकेक नमुना होता! एका एजंटने 'आटोपशीर' म्हणून दाखवलेल्या घरात ओट्याच्या शेजारीच टब होता. म्हणजे एकाने आंघोळ करावी आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्यावरून फोडणी द्यावी. दुसरं घर 'स्टॅबिलाइज्ड' असल्याची एजंटने शपथ घेतली, पण बिल्डिंगच इतकी नवी की लिफ्टच्या बटणांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी घर खरोखर चांगलं होतं, त्यामुळे जिन्यापासून कोपऱ्यापर्यंत रांग. मोरेश्वर टाय लावून, फाइल छातीशी धरून उभा राहिला. नंबर आला तेव्हा मॅनेजरबाईंनी क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज काढून ते वेळेवर फेडल्याची नोंद, मागितली.

"मी आयुष्यात कधी कर्ज काढलेलं नाही," मोरेश्वर अभिमानाने म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावर जी दया दिसली ती पुण्यात फक्त नापास झालेल्यांच्या वाट्याला येते. मोरेश्वर घाबरला आणि त्याने फाइलमधलं असेल नसेल ते सगळं पुढे केलं. त्यात दहावीची मार्कशीट होती, दोन्ही बाजूंनी शिक्का मारलेली. आणि प्राचार्यांच्या सहीचा चारित्र्याचा दाखलाही होता. बाईंनी दाखला मन लावून वाचला, रांगेत मोरेश्वरच्या मागे उभ्या असलेल्या मुलीलाही वाचायला दिला, दोघी एकमेकींकडे बघून 'स्वीट' म्हणाल्या, आणि घर त्या मुलीला मिळालं. परतीच्या ट्रेनमध्ये मोरेश्वर मार्कशीट काढून परत परत बघत बसला. गणितात नव्वदच्या वर मार्क होते हो त्याला.

तेवढ्यात काकांनी नवीन टूम काढली. घर खरंच स्टॅबिलाइज्ड आहे का, आधीचं भाडं किती होतं, याची नोंद सरकारी ऑफिसात असते. ती आधी बघायची. म्हणून मोरेश्वरने रजा टाकली आणि दोघं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्या ऑफिसात गेले. दारातच पर्स मशीनमधून गेली आणि मशीनने बोंब ठोकली.

"मॅडम, ही हातोडी आहे," गार्ड म्हणाला.

"हो. भिंतीसाठी."

"कुठल्या भिंतीसाठी?"

"अजून मिळाली नाही," नीलांबरी म्हणाली.

ती हे इतक्या सरळ म्हणाली की गार्डने समजूतदारपणे मान डोलावली. त्याने हातोडी टेबलामागे जपून ठेवली, जाताना आठवणीने परत दिली आणि 'गुड लक विथ द वॉल' म्हणाला. आत मात्र काम झालं नाही. घराची नोंद त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूलाच मिळते, असं खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं.

"म्हणजे आधी लग्न करायचं आणि मग मुलाची चौकशी?" नीलांबरी बाहेर येऊन म्हणाली. ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. समोरच्या फुटपाथवरून दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन भांडत चालल्या होत्या, त्यांच्याकडे ती वळणावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. मोरेश्वरला तेव्हा वाटलं, भाडं कितीही असो, या बाईला हा रस्ता मिळाला पाहिजे. असं वाटून घर मिळत नाही, हा भाग वेगळा.

घर मिळालं ते किराणा दुकानाच्या फळ्यावर. जॅक्सन हाइट्सला डाळी घ्यायला गेले असताना, टिफिन आणि मेंदीच्या जाहिरातींच्या मधे एक हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. सनीसाइडमध्ये एक बेडरूम, स्टॅबिलाइज्ड, सुपरला भेटा. सुपर म्हणजे बिल्डिंगची देखरेख करणारा माणूस. पुढच्या शनिवारी काकांसकट वरात निघाली.

बिल्डिंग जुन्या विटांची, सहा मजली. खाली केशकर्तनालय, फुलवाला, बाकावर बसलेले म्हातारे, लहान मुलं ओढत नेणाऱ्या आया. गाडीवाचून चालणारी इतकी माणसं एका वेळी बघून नीलांबरीने मोरेश्वरचा हात इतक्या जोरात धरला की त्याच्या घड्याळाचा पट्टा रुतला. दुसऱ्या मजल्यावरचं घर तोमास नावाच्या सुपरने उघडून दिलं आणि काकांनी तपासणी हातात घेतली. आधी फ्लश ओढून त्याच वेळी नळ सोडला. मग कपाटात डोकं घालून वास घेतला. शेवटी खिशातून गोटी काढून जमीन सपाट आहे का बघायला स्वयंपाकघरात सोडली. गोटी थोडा वेळ विचारात पडली आणि मग जी निघाली ती बेडरूममधल्या रेडिएटरखाली गेली. काका तिच्या मागे पोटावर झोपले आणि त्यांना उठवायला तोमासची मदत घ्यावी लागली.

मोरेश्वरने त्यातलं काहीच केलं नाही. त्याने बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर टकटक केलं. भिंत भरीव होती.

"इथे खिळा मारला तर चालेल?" त्याने विचारलं.

"भिंत आहे ती," तोमास म्हणाला. "तिला दुसरं काम काय?"

चाळिशीकडे झुकलेला माणूस एका रिकाम्या भिंतीवर तळवा ठेवून उभा होता आणि त्याला आई आठवत होती, खिडकीच्या गजाला दोरा बांधणारी. त्याने वळून नीलांबरीला हाक मारली. नीलांबरी नव्हती.

ती वर गेली होती. हिवाळ्यात हीटिंग पुरतं का, हे वरच्या भाडेकरूंना विचारून येते म्हणाली होती, त्याला बराच वेळ झाला होता. मोरेश्वर आणि काका जिन्यात आले तर वरून चक्क थालीपिठाचा खरपूस वास. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं, दारावर 'कर्णिक' अशी पाटी, आणि आत टेबलाशी बसून नीलांबरी खातेय आणि बोलतेय. काय बोलत होती! ग्लोरिया, कचऱ्याचा डबा, शाळेतली पोरं, सगळं एका दमात. असा तिचा आवाज मोरेश्वरने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शेवटचा ऐकला होता.

"या, या," तव्यापाशी उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाई म्हणाल्या. "मी लता कर्णिक. काकू म्हणा. हीटिंग उत्तम आहे हो, पण या पोरीने अजून ते विचारलेलंच नाही."

मोरेश्वर बसला आणि मग त्याचं लक्ष भिंतींकडे गेलं. खोली भरलेली होती. सोफा, पुस्तकं, शिवणाचं मशीन, सगळं होतं. भिंती मात्र पांढऱ्याफटक. आणि खाली, जमिनीवर, भिंतीला टेकून फ्रेमच फ्रेम. मुलाचा पदवीचा झगा घातलेला फोटो, लग्नाचा फोटो, नातीचा. मधे एक जरा मोठा फोटो, चंदनाचा हार घातलेला, टाय लावलेल्या गृहस्थांचा. तोही जमिनीवरच. त्यांच्याशी बोलायचं तर वाकावं लागत असणार.

"हे आमचे जगन्नाथराव," काकू म्हणाल्या. "एकाहत्तर साली इथे आलो तेव्हा मी खिळा आणला होता. हे म्हणाले, दोन वर्षांनी जायचंय, कशाला कुणाची भिंत खराब करायची? मग मुलाची शाळा संपू दे म्हटलं. मग यांचं रिटायरमेंट होऊ दे. मग हे गेलेच. मुलगा तिकडे लांब नेपरव्हिल गावी असतो, ये म्हणतो. आता काय, जायचंच आहे तर कशाला..." आणि त्यांनी थालीपीठ उलटलं.

शशिकांत काकासुद्धा बोलले नाहीत, हे एडिसनमध्ये सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ते नुसते त्या फोटोकडे बघत चष्मा पुसत राहिले.

आता इतकं सगळं डोळ्यांनी बघून आलेल्या माणसाने खाली जाऊन काय बोलावं? पण मोरेश्वरचं असं, की एकदा पाठ केलेलं उत्तर प्रश्न बदलला तरी त्याच्या तोंडून तेच यायचं. मालक तळमजल्यावरच्या छोट्या ऑफिसात बसला होता, स्टॅव्हरोस नावाचा ग्रीक गृहस्थ, चाळिशीतला, मिशांचा. मोरेश्वर खुर्चीवर टेकला आणि टेकता टेकताच म्हणाला, "आम्ही काय, दोन वर्षांनी परत जाणार."

स्टॅव्हरोसने पेन खाली ठेवलं.

"तोमास," त्याने हाक मारली, "आणखी एक आला बघ, दोन वर्षांवाला!" मग मोरेश्वरकडे वळून म्हणाला, "मिस्टर, माझ्या वडिलांना तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हेच सांगितलं होतं. चौथ्यावरच्या तुमच्या डॉक्टरांनीही तेच. तुम्हा लोकांपैकी दोन वर्षं म्हणून आलेलं एकही माणूस अजून हललेलं नाही. कायमचा राहणार म्हणणारा एखादा गिटारवाला परवडतो, सहा महिन्यांत तो जातो तरी."

मोरेश्वर लाल झाला. चारित्र्याचा दाखला फाइलमध्ये होता, पण तो काढायची त्याची हिंमत झाली नाही. शशिकांत काकांनी मधे पडून गिरगावचा दाखला द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा स्टॅव्हरोसने घड्याळ बघितलं. संपलं, असं मोरेश्वरला वाटलं. एडिसन, पार्किंग लॉट, आणि उन्हाळ्यात विमानतळ. त्याला नीलांबरीकडे बघवेना.

दारात लता काकू उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच.

"स्टॅव्हरोस," त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना मी खोटं नव्हते बोलले. आम्ही खरंच जाणार होतो."

स्टॅव्हरोस उठून उभा राहिला. त्याची आई आजारी असताना शाळेतून आल्यावर तो काकूंच्या स्वयंपाकघरात बसून शिरा खायचा, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की मिशांचा दांडगा माणूस एकदम शाळकरी झाला.

"माहितीय, मिसेस कर्णिक," तो म्हणाला.

मग त्याने नीलांबरीला विचारलं, "तुम्ही सांगा. किती वर्षं?"

नीलांबरीने एकदा मोरेश्वरकडे बघितलं, एकदा काकूंकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पुण्याची आठवण रोज येते. पण मला भिंतीला खिळा मारायचाय." आणि पुरावा म्हणून तिने पर्समधून हातोडी काढून टेबलावर ठेवली.

स्टॅव्हरोस हातोडीकडे बघून पोट धरधरून हसला. "तीस वर्षांत पहिलं खरं उत्तर," असं काहीतरी पुटपुटत त्याने कराराचे कागद पुढे सरकवले. दोन वर्षांचा करार होता. मोरेश्वरने सही करताना शशिकांत काकांनी ते वाचलं आणि खोकल्यासारखं केलं.

पहिल्या रविवारी सामान लागलं. सनीसाइडच्या त्या खोलीत चैत्रांगण सोफ्यावर ठेवलेलं होतं, मोरेश्वर स्टुलावर चढलेला, खिळा दातांत. नीलांबरीने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"आधी वर जाऊया," ती म्हणाली.

लता काकूंनी आधी खूप आढेवेढे घेतले. म्हणे, नेपरव्हिलला जायचंय, उगाच कशाला. पण नीलांबरी शिक्षिका होती. तिने भुवई नुसती उचलली. मग मोरेश्वरने फोटो हातात घेतला आणि विचारलं, "कुठे?"

काकूंना विचार करावा लागला नाही. त्या सरळ चहाच्या खुर्चीसमोरच्या भिंतीपाशी गेल्या आणि एका जागी बोट टेकवून म्हणाल्या, "इथे." ती जागा त्यांनी कधी ठरवली असेल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पहिला खिळा वाकला. दुसऱ्याचा घाव मोरेश्वरच्या अंगठ्यावर बसला. आवाज ऐकून वरच्या डॉक्टरांनी जमिनीवर पाय आपटले. तिसरा मात्र जुन्या प्लास्टरमध्ये शिरला तो असा की काढायचं म्हटलं तरी निघणार नाही. फोटो लागला. मोरेश्वर मागे सरकून बघतो तर तो चांगलाच डावीकडे झुकलेला. तो नीट करायला पुढे झाला तेव्हा लता काकूंनी त्याचा हात धरला. त्या खुर्चीवर बसून, जगन्नाथरावांकडे पहिल्यांदाच न वाकता, सरळ समोर बघत होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता राहू दे त्यांना इथेच."